पोथीचा तास, कादंबरीचा तास

गेल्या श्रावणात मी तेरा कादंबऱ्या वाचल्या. हे आतापर्यंत सात-आठ मैत्रिणींना सांगितलं आणि प्रत्येकीने पहिला प्रश्न एकच विचारला, "वेळ कुठनं काढलास?" कोणत्या वाचल्यास, कशा वाटल्या, हे नंतर. दोघींनी तर ते विचारलंही नाही. वेळ कुठून आला हेच त्यांना आधी जाणून घ्यायचं होतं.

वेळ मी काढला नव्हता. श्रावण लागला त्याच सकाळी परसात धुणं वाळत घालताना शेवाळावरून पाय घसरला आणि उजवा घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. सोप्यात खिडकीजवळ माझी कॉट लावली. शाळेत वैद्यकीय रजेचा अर्ज गेला. स्वयंपाकघर मला कॉटवरून दिसत होतं, पण मी तिथे जाऊ शकत नव्हते. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यातला हा पहिला असा महिना.

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. दर वर्षी १५ ऑक्टोबरला आमच्या शाळेत वाचन प्रेरणा दिन होतो, त्याची जबाबदारी माझ्याकडे असते. मुलं ओळीने बसतात, प्रत्येकाच्या हातात पुस्तक असतं, फोटो निघतात, आणि मी वाचनाचं महत्त्व सांगते. मनापासून सांगते. पण गेली कित्येक वर्षं माझं स्वतःचं कादंबरीवाचन वर्षाला तीन-चार पुस्तकांच्या पुढे गेलेलं नाही. पहिल्या आठवड्यातच तीन संपल्या तेव्हा आनंद झाला आणि त्यापाठोपाठ राग आला. कुणा एकाचा नाही. एवढं साधं सुख मिळायला हाड मोडावं लागलं, याचा.

श्रावणात आमच्या सासूबाई नवनाथांची पोथी वाचतात. त्यांना मी आत्याबाई म्हणते. पोथीचे चाळीस अध्याय. रोज सकाळी अंघोळ झाली की चौरंग मांडायचा, समई लावायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि एक किंवा दोन अध्याय वाचायचे. एकदा अध्याय सुरू झाला की मध्ये उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, अध्याय अर्धा सोडायचा नाही. पाऊण तास, कधी तासभर. या वेळात घरातलं कुणी त्यांना हाक मारत नाही. दारावर कुणी आलं तर माझा मुलगा ओठांवर बोट ठेवून सांगतो, आजी वाचतीय. गेली तेवीस वर्षं हे मी पाहत होते आणि ते देवाचं म्हणून डोक्यात बसलं होतं. या खेपेला आम्ही दोघी एकाच सोप्यात, समोरासमोर, वाचत बसलो होतो. त्या चौरंगापाशी, मी कॉटवर. आणि मला पहिल्यांदा नीट दिसलं की त्यांच्या वाचनाला कुंपण आहे आणि माझ्या वाचनाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी चिडून वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला लागले. वाचताना कुणी हाक मारली की एक रेघ. मीठ कुठं आहे, आमटीला चिंच किती, गॅसवाल्याला पैसे दिलेत का, माझी निळी पँट, दूध उतू गेलं, तुझा फोन वाजतोय, कुकरच्या किती शिट्ट्या. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत अडतीस रेघा झाल्या. पाय प्लास्टरमध्ये, पुस्तक हातात, आणि अडतीस वेळा मी घरात परत गेले. यात कुणाचाही दुष्टावा नव्हता. माझा नवरा आणि मुलगा दोघंही सकाळपासून माझ्यासाठी राबत होते. पण कादंबरी वाचणारी बाई मोकळी आहे, हे घराने गृहीत धरलं होतं आणि खरं सांगायचं तर मीही धरलं होतं. प्रत्येक हाकेला मी ओ देत होते. त्याच दिवशी पोथीच्या वेळेत आत्याबाईंना मात्र एकही हाक पडली नव्हती.

मला जे म्हणायचं आहे ते या दोन आकड्यांमध्ये आहे, अडतीस आणि शून्य. वाचनसंस्कृती लोप पावली म्हणून आपण गळा काढतो, तेव्हा आपण लोकांच्या आवडीबद्दल बोलत असतो. आवड कमी झाली, पुढची पिढी बिघडली, मोबाइलने घात केला. माझा अनुभव सांगतो की आवड जिवंत आहे. घरांमध्ये नाही तो अखंड वेळ. आणि जो थोडाफार आहे त्याची वाटणी इतकी असमान आहे की निम्म्या घराने वाचायचं ठरवलं तरी त्याला ते जमू नये.

कादंबरीचं दुखणं वेगळं आहे, म्हणून मी कादंबरीबद्दल बोलते. कविता भाजी निवडता निवडताही मनात घोळते. लेख बसमध्ये होतो. कादंबरीला मात्र सलग तास लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं, माझी गती तासाला साधारण पस्तीस पानं आहे. म्हणजे दोनशे ऐंशी पानांची कादंबरी आठ तासांत होते. तेच आठ तास रात्री भांडी आवरून, दुसऱ्या दिवशीचा डबा डोक्यात घोळवत, डोळे मिटेपर्यंतच्या वीस-वीस मिनिटांत काढायचे म्हटले तर चोवीस रात्री लागतात. चोवीस रात्रींत माणसांची नावं विसरायला होतात. विहिरीत उडी मारणारी कोण आणि तिला बाहेर काढणारा कोण, हे पुन्हा मागची पानं चाळून पाहावं लागतं. मग पुस्तक उशाशी पडून राहतं आणि आपण म्हणतो, हल्ली वाचायचं मनच होत नाही. मन होतं हो! त्याचे तुकडे झालेले असतात.

मोबाइलचा दोष मी नाकारत नाही. पण तो आधीच फुटलेल्या वेळात येऊन बसला आहे. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये एक व्हिडिओ बसतो, कादंबरीचं एक प्रकरण बसत नाही. ज्या बाईच्या दिवसात तीन-तीन मिनिटांच्याच फटी आहेत, ती त्या फटीत मावेल तेच घेणार. तिला आळशी किंवा उथळ म्हणणं अन्यायाचं आहे. अलीकडे चपात्या लाटताना कानात कादंबरी ऐकणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. त्या ऐकतात याचा मला आनंदच आहे. पण कामावर काम चढवून मिळवलेला तो वेळ आहे, हात मोकळे करून मिळालेला नाही.

वाटणीचे आकडे सरकारी आहेत. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये वेळवापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांचं बघणं यात धरलेलं नाही, तो हिशेब वेगळा आहे. शिवाय हे पुरुष म्हणजे त्या दिवशी घरकामाला हात लावलेले पुरुष, आणि ते चारात जेमतेम एक भरतात. बायकांमध्ये मात्र पाचातल्या चार. त्याआधी पाच वर्षं, २०१९ मध्ये, बायकांचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी झाली.

प्लास्टरमधल्या बाईला गणित करायला वेळ असतो. २८९ वजा ८८ म्हणजे २०१ मिनिटं. तीसने गुणलं की महिन्याला १०० तास. एका कादंबरीला आठ तास धरले तर बारा कादंबऱ्या होऊन वर थोडा वेळ उरतो. मी त्या महिन्यात तेरा वाचल्या. पुन्हा पुन्हा आकडेमोड केली, कारण मला ते खरं वाटेना. माझ्या पायाला प्लास्टर नसतं तर त्या तेरा कादंबऱ्या कुठे गेल्या असत्या, ते मला मिनिटांत मोजून मिळालं होतं.

पूर्वीच्या बायका वाचायच्याच की, असं कुणी म्हणेल. काही बायका वाचायच्या, हे खरं आहे. माझी आई दुपारची मागची आवराआवर झाली की दोन ते चार चटई टाकून वाचत पडायची. 'किर्लोस्कर', १९३० साली निघालेलं 'स्त्री', अशा मासिकांतून येणारं साहित्य मध्यमवर्गीय घरांत त्या दुपारीच वाचलं गेलं. पुढे बायका नोकरीला लागल्या आणि ती दुपार गेली. ती गेली याचं मला दुःख नाही, नोकरीने मला जे दिलं ते मोठं आहे. पण दुपार देऊन टाकल्यावर सकाळ-संध्याकाळच्या कामाची वाटणी व्हायला हवी होती, ती झाली नाही. दिवाळी अंकांचंच बघा. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने ही प्रथा सुरू केली आणि तिचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण अंक घरात येतात तेव्हा घरातल्या बायका चकलीच्या सोऱ्याशी असतात. माझ्या हातात दिवाळी अंक येतो तो डिसेंबरात.

त्याच्याही मागे गेलं तर दिसतं की बाईचं वाचन ही आपल्याकडे घराने परवानगी देण्याची बाब होती. रमाबाई रानड्यांनी आठवणींत लिहिलं आहे की नवरा शिकवायला उत्सुक होता, आणि त्या शिकतात म्हणून घरातल्या बायका त्यांना बोलून घायाळ करायच्या. काशीबाई कानिटकरांनी सासरच्या मोठ्या कुटुंबात लपतछपत अक्षरं गिरवली आणि पुढे स्वतः कादंबरी लिहिली. आणि पोथीच्या बाबतीतही सगळं आलबेल नाही. बायकांनी गुरुचरित्र वाचावं की नाही, यावर आजही वाद घालणारी माणसं आहेत. तरी एवढं खरं की ज्या पोथ्या बाईला वाचू दिल्या गेल्या, त्यांच्यासाठी घराने तिला जागा, वेळ आणि शांतता दिली. दीर्घ वाचनाला काय काय लागतं हे आपल्या समाजाला पक्कं ठाऊक होतं. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ठरलेली मजल, मध्ये हाक न मारण्याचा दंडक, आणि शेवटी उद्यापन, म्हणजे सगळ्यांना जेवायला घालून वाचन पूर्ण झाल्याचा आनंद. वाचनासाठी याहून चांगली व्यवस्था मला कुणी दाखवलेली नाही.

आत्याबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मोठ्या टायपातली पोथी त्या वाचतात, बाकीचं अक्षर दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी, पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती, मी इन्व्हर्टरच्या दिव्यात वाचत होते. त्या म्हणाल्या, "एवढं काय आहे त्यात? मला तरी वाचून दाखव." माझ्या हातात 'पण लक्षात कोण घेतो?' होती. हरि नारायण आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून हप्त्याहप्त्याने आलेली ही कादंबरी यमू नावाच्या मुलीने स्वतःची हकिगत सांगावी तशी लिहिलेली आहे. मी मोठ्याने वाचायला लागले. भाषा सव्वाशे वर्षांपूर्वीची, तरी आत्याबाईंना एकही शब्द अडला नाही. मला अडत होते. अर्थ त्या सांगायच्या. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर, असा नेम पडला. चौथ्या दिवसापासून माझा मुलगाही उंबऱ्यावर येऊन बसायला लागला. बारावीचं वर्ष, हातात भौतिकशास्त्राचं पुस्तक, पण पान उलटत नव्हतं.

यमूच्या नवऱ्याच्या मरणाचा भाग आला त्या रात्री आत्याबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाल्या, "आमची थोरली चुलती अशीच होती." मी या घरात तेवीस वर्षं आहे, माझ्या नवऱ्याचा जन्मच इथला, पण त्या चुलतीबद्दल आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. सतराव्या वर्षी नवरा गेला. मूल नाही. मागच्या पडवीत राहायची, सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायची. तिला वाचता येत नव्हतं. दुकानातून गूळ, चहा, सुपारी ज्या कागदात बांधून यायची ते पुड्याचे कागद ती हाताने दाबून, सुरकुत्या काढून, पाटाखाली ठेवायची. आत्याबाई तेव्हा दुसरी-तिसरीत होत्या. चुलती त्यांना पडवीत बोलवायची, मूठभर शेंगदाणे द्यायची आणि म्हणायची, "वाच बघू, काय लिहिलंय." कधी जाहिरात, कधी कोर्टाची नोटीस, कधी कुठल्याशा मासिकातल्या गोष्टीचं फाटकं पान. गोष्टीचं पान आलं की चुलतीला फार आनंद व्हायचा. पान संपलं की ती विचारायची, "मग फुडं?" पुढचं पान कधीच यायचं नाही. मग दोघी मिळून पुढचं रचायच्या.

आत्याबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. सत्तर वर्षं ती बाई त्यांच्या मनात बसून होती आणि सांगायला जागा मिळाली नव्हती. नवनाथांच्या चाळीस अध्यायांनी त्यांना खूप काही दिलं आहे, पण ही आठवण बाहेर काढली ती कादंबरीने. पोथीत यमू नाही. कादंबरी घरात मोठ्याने वाचली गेली की घरातल्या गाडलेल्या माणसांना बोलायला तोंड मिळतं. कादंबरी म्हणजे करमणूक, रिकामपणाचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन. माझा मुलगा त्या संध्याकाळी आजीच्या पायाशी बसून होता आणि त्याने विचारलेला प्रश्न एवढाच होता, "तिला तुम्ही कुणी शिकवलं का नाही?" आत्याबाई म्हणाल्या, "कुणाला सुचलंच नाही, बाळा."

आता वाचनालयाकडे येते, कारण घरापुरतं बोलून भागणार नाही. त्या महिन्यात माझी पुस्तकं पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयातून आली. मुलगा आणून द्यायचा. तिथल्या ग्रंथपालबाईंना माझी आवड चार पुस्तकांतच कळली आणि पाचवं त्यांनी स्वतः निवडून पाठवलं. इतकं चांगलं वाचनालय पायी सात मिनिटांवर असून मी तिथे वर्षभर का फिरकले नव्हते? ते सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. सकाळी आठ ते अकरा मी डबे भरून शाळा गाठत असते. संध्याकाळी पाच ते आठ मी बाजार, दळण आणि स्वयंपाक यांत असते. कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर पाय मोकळे करायला निघणाऱ्या पुरुषाच्या दिवसावर ही वेळ अगदी बेतलेली आहे. बाईचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून ती कुणी ठरवलेली नाही.

महाराष्ट्राला वाचनालयांचा वारसा मोठा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, आमच्या कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि आज अकरा-बारा हजारांच्या घरात शासनमान्य ग्रंथालयं आहेत. पण त्यातल्या सगळ्यात खालच्या, 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला २०२२ पर्यंत मिळणारं अनुदान वर्षाला तीस हजार रुपये होतं. त्या वर्षी साठ टक्के वाढ मिळाली, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. महिन्याचे चार हजार. त्यातच पुस्तकं, मासिकं, वीज, आणि ग्रंथपालाचा पगार. चार हजारांत माणूस दिवसाचे सहा तास बसतो हेच उपकार आहेत. मी समितीला अर्ज दिला होता की आठवड्यातून दोन दिवस दुपारी एक ते चार आणि रविवारी सबंध दिवस वाचनालय उघडं ठेवा. माणसाला द्यायला पैसे नाहीत, असं उत्तर आलं. उत्तर खोटं नाही, म्हणून माझं भांडण समितीशी नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. त्या दर्जाचा मान राखायचा तर गावोगावच्या ग्रंथपालाला जगण्यापुरता पगार द्या, आणि अनुदान देताना एवढीच अट घाला की बायकांना येता येईल अशा वेळी दार उघडं पाहिजे. भिलारसारखं पुस्तकांचं गाव व्हावं, जरूर व्हावं. पण तिथे सहलीला जाऊन पुस्तक चाळणं वेगळं आणि आपल्या पेठेतून सोमवारी नेलेलं पुस्तक पुढच्या सोमवारी पुरं करून परत देणं वेगळं.

आणि शाळेतल्या माझ्या कार्यक्रमाबद्दल. या वर्षी मुलांना पुस्तक हातात देऊन फोटो काढण्याबरोबर मी एक काम दिलं. घरी आईला एक तास वाचायला बसवायचं आणि त्या तासात तिला पडणाऱ्या हाका स्वतः झेलायच्या. आईला वाचता येत नसेल तर तिला वाचून दाखवायचं. सदतीस मुलांपैकी एकोणीस मुलांनी ते केलं. एका मुलाने वहीत लिहिलं, "माझी आई पुस्तक घेऊन बसली पण दर थोड्या वेळाने उठत होती. मी म्हटलं बस, तर ती म्हणाली मला बसवत नाही." हे वाचून मी बराच वेळ पुढची वही उघडली नाही. वेळ मिळाला तरी बसवत नाही. शरीरालाच सवय राहिलेली नाही. माझ्याही शरीराला नव्हती, म्हणून तर पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक हाकेला ओ देत होते.

घरात काय बदललं तेही सांगते. शेवटच्या आठवड्यात दिवसाच्या रेघा अकरावर आल्या. मुलाला कांदा न जाळता आमटी करता यायला लागली. नवऱ्याला मिठाच्या बरणीची जागा पाठ झाली. प्लास्टर निघालं, गणपती आले, गौरी जेवल्या, आणि मी घाबरले होते की आता सगळं पूर्ववत होणार. बरंचसं झालंही. पण संध्याकाळचा तास राहिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. मुलाने आतून हाक मारली, "आई, माझा टी-शर्ट..." मी उठणार एवढ्यात आत्याबाई देवघरातून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांब रे, अध्याय चाललाय तिचा."

एक गोष्ट राहिली, आणि ती लपवली तर हा सगळा हिशेब खोटा होईल. त्या महिन्यात आमच्या घरात चपात्या कुणी लाटल्या? आमटी-भात घरच्या पुरुषांना जमला, चपात्या जमल्या नाहीत. गल्लीच्या टोकाला एक बाई घरीच चपात्या-भाकरी करून देते, तिच्याकडून रोज वीस चपात्या यायच्या. दिवसाला दोनशेच्या वर लाटते ती. डबा द्यायला स्वतः यायची, कॉटवरच्या पुस्तकांच्या ढिगाकडे बघायची. एकदा विचारलं, "ही सगळी तुम्ही वाचणार, ताई?" नववीपर्यंत शिकलेली, शाळेत असताना गोष्टींच्या पुस्तकांचं वेड होतं म्हणाली. मी माझ्या स्वतःच्या कपाटातली एक पातळशी, एकशे नव्वद पानांची कादंबरी तिला दिली. तिने ती पिशवीत गुंडाळून नेली. माझ्या तेरा कादंबऱ्यांतले किती तास तिच्या पोळपाटावरून आले होते, हे मी मोजायला हवं होतं आणि मोजलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती पुस्तक परत घेऊन आली. पदराने पुसून माझ्या हातात दिलं. कडेला पिठाचा अंगठा उमटलेला होता. "फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या, ताई," म्हणाली. "माझ्याकडे राहिलं तर खराब होईल. चौसष्टव्या पानापर्यंत आलीया. तेवढं लिहून ठेवा कुठंतरी, दिवाळीनंतर नेते."

मी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ६४ लिहिलं आणि पुस्तक खिडकीत, हाताशी राहील असं ठेवलं.